‘सेड’ला पर्याय शोधत बसू नका: इंग्रजी बातमीत ‘से’ हे क्रियापद कसं वापरायचं

एक साधं वाक्य घ्या. ‘द कंपनी सेड द लीक हॅड बीन फिक्स्ड.’ गळती दुरुस्त झाली, असं कंपनीचं म्हणणं. आता फक्त ‘सेड’ काढा आणि त्या जागी ‘क्लेम्ड’ ठेवा. कंपनी बहुधा थापा मारतेय, असं वाचकाला वाटू लागतं. ‘रिव्हील्ड’ ठेवा, म्हणजे कंपनीने दडवलेली काहीतरी खरी गोष्ट उघड केली. ‘इन्सिस्टेड’ ठेवलं तर कुणीतरी आधीच ते अमान्य केलंय आणि कंपनी हेका सोडत नाहीये. ‘ॲडमिटेड’ने तर वाक्याचा तोलच जातो, कारण दुरुस्ती केल्याची कबुली कशाला द्यायची? कंपनी बोलली तेच बोलली. बदललं ते बातमीदाराचं मत, आणि तेही वाचकाच्या नकळत.

इंग्रजी बातमीत ‘से’ या क्रियापदाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर इथेच आहे. अमुक तोंडातून अमुक शब्द बाहेर पडले, एवढंच ते सांगतं. ते खरे की खोटे, चांगले की वाईट, यावर ते काहीच बोलत नाही. बाकीची बहुतेक क्रियापदं थोडाफार निकाल देऊन मोकळी होतात.

शाळेत मात्र आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं. एकच शब्द पुन्हा आला की निबंधाचे गुण जातात, म्हणून ‘सेड’ऐवजी ‘एक्सप्रेस्ड’, ‘रिमार्क्ड’, ‘ओपाइन्ड’, ‘एक्सक्लेम्ड’ अशी यादी पाठ करून आपण बाहेर पडतो. बातमीच्या डेस्कवर ही यादी विसरावी लागते. ‘सेड’ दहादा आला तरी वाचकाला खटकत नाही. विरामचिन्हासारखी त्याची नजर त्यावरून पुढे सरकते. ‘ओपाइन्ड’वर मात्र ती अडखळते. (इंग्रजी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द क्वचितच येतो. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत तो अजून कसा तग धरून आहे, देव जाणे.)

खाली दिलेला क्रम बातमी लिहिताना ज्या क्रमाने प्रश्न पडतात त्याच क्रमाने आहे. तुम्ही थेट इंग्रजीत लिहीत असाल तर सगळा वाचा. इंग्रजी वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, मराठीत आणणं एवढंच काम असेल, तरी शेवटच्या भागावर उडी मारू नका. मूळ क्रियापदाचं वजन कळल्याशिवाय अनुवादात ते नीट उतरत नाही.

आधी ठरवा: इथे ‘सेड’ हवा की नको

प्रत्येक वाक्याला हवाला, म्हणजे हे कुणी म्हटलं याचा उल्लेख, जोडायची गरज नसते. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, जे कागदोपत्री नोंदलेलं आहे आणि ज्यावर कुणाचा वाद नाही, ते सरळ लिहा. ‘पोलिस सेड द बिल्डिंग हॅज फोर फ्लोअर्स’ हे हास्यास्पद आहे. मजले मोजता येतात.

हवाला लागतो तो पाच ठिकाणी: कारण, दोष, हेतू, भाकीत आणि तुम्ही स्वतः न मोजलेला आकडा. आग लागली हे तुम्ही लिहा. ती शॉर्ट सर्किटने लागली हे कुणीतरी ‘सेड’ म्हणून यायला हवं. माणूस पळाला हे साक्षीदाराने पाहिलं असेल, पण तो ‘घाबरून’ पळाला हे साक्षीदाराचं अनुमान आहे आणि ते त्याच्याच नावावर राहिलं पाहिजे.

हवाला गाळल्याने काय होतं, याचं पत्रकारितेच्या वर्गांत अजूनही चर्चिलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटाचं आहे. १९९६च्या ऑलिंपिकदरम्यान २७ जुलैला तिथल्या सेंटेनियल ऑलिंपिक पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाला. रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकाने संशयास्पद बॅग आधी हेरली होती आणि लोकांना तिथून हलवायला मदत केली होती. तीनच दिवसांनी स्थानिक वृत्तपत्राने छापलं की एफबीआय त्याच्यावरच संशय घेत आहे. त्या बातमीत, तो एकट्याने बॉम्ब ठेवणाऱ्याच्या वर्णनात बसतो, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. वाक्यात ‘सेड’ नव्हता, ‘अकॉर्डिंग टू’ही नव्हतं. बसतो असं कोण म्हणतंय? तपास अधिकारी? मानसशास्त्रज्ञ? की वृत्तपत्र स्वतः? काहीच कळत नव्हतं. असं बिनहवाल्याचं, वरून आकाशवाणी झाल्यासारखं लिहिणं ही त्या वृत्तपत्राची शैलीच होती. त्या शैलीला ‘व्हॉइस ऑफ गॉड’ असं म्हटलं जायचं. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी ज्युएलला संशयातून मोकळं केलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ याने २००५मध्ये गुन्हा कबूल केला. वृत्तपत्रावरचा खटला बरीच वर्षं चालला आणि २०११मध्ये जॉर्जियाच्या अपील न्यायालयाने वृत्तपत्राच्या बाजूने निकाल दिला, कारण छापलं त्या दिवशी तपास यंत्रणांचा संशय खरोखरच त्याच्यावर होता. कायद्याच्या दृष्टीने वृत्तपत्र सुटलं. पण ‘इन्व्हेस्टिगेटर्स सेड’ हे दोन शब्द त्या वाक्यात असते, तर हे मत कुणाचं हे वाचकाला त्याच दिवशी कळलं असतं.

मग ‘सेड’ लिहा, आणि बदलायचाच असेल तर कारण शोधा

नियम सोपा आहे. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘सेड’. दुसऱ्या वाचनात एखाद्या ठिकाणी दुसरं क्रियापद जास्त अचूक वाटलं, तरच बदल. ‘जास्त चांगलं वाटतं’ हे कारण चालणार नाही. ‘जास्त अचूक’ म्हणजे ते क्रियापद जी जादा माहिती देतं, ती तुम्ही सिद्ध करू शकता.

भाषाशास्त्रात याला चांगला आधार आहे. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी १९७०मध्ये क्रियापदांचा एक गट वेगळा काढून दाखवला. ही क्रियापदं वापरली की पुढे येणारी गोष्ट खरी आहे हे गृहीतच धरलं जातं. बातमीत नेहमी दिसणारी ‘पॉइंटेड आउट’, ‘नोटेड’, ‘रिव्हील्ड’, ‘ॲक्नॉलेज्ड’ ही सगळी त्याच वळणाची. ‘द मिनिस्टर पॉइंटेड आउट दॅट क्राइम हॅड फॉलन’ असं लिहिलं, की गुन्हे घटले आहेत असं मंत्र्याबरोबर तुम्हीही म्हणालात. आकडेवारी पाहिली असेल तर लिहा. नसेल तर ‘सेड’.

यातली काही क्रियापदं रोज चुकीची वापरली जातात, म्हणून त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहू.

‘क्लेम्ड’ हे ‘सेड’चं भावंड समजून वापरू नका. ते संशय आणतं. एका बाजूला ‘सेड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लेम्ड’ दिलं की बातमी एकतर्फी झाली, मग दोन्ही बाजूंना सारख्या ओळी का दिलेल्या असेनात. संपाच्या बातम्यांत हे फार दिसतं: व्यवस्थापन ‘सेड’, कामगार संघटना ‘क्लेम्ड’. आपली कॉपी तपासताना ही जोडी मुद्दाम शोधा.

‘ॲडमिटेड’मध्ये अपराध आहे. माणसाने दोष मान्य केला असेल तरच. प्रश्न विचारल्यावर त्याने फक्त ‘हो, मी तिथे होतो’ म्हटलं असेल, तर ‘सेड ही हॅड बीन देअर’. ‘कन्सीडेड’ थोडं सौम्य आहे. वादात समोरच्याचा एखादा मुद्दा मान्य केला, एवढाच त्याचा अर्थ. आधी वाद झाल्याचं बातमीत दिसलं पाहिजे.

‘रिफ्यूटेड’ आणि ‘डिनाइड’ यांतला गोंधळ इंग्रजांच्या देशातही चालतो. ‘डिनाइड’ म्हणजे आरोप नाकारला. ‘रिफ्यूटेड’ म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढला. पत्रकार परिषदेत कुणी नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हटलं आणि तुम्ही ‘रिफ्यूटेड’ लिहिलंत, तर खटल्याचा निकाल तुम्हीच लावलात. ‘रिजेक्टेड’ बहुतेक वेळा बिनधोक.

‘एक्सप्लेन्ड’ हे गुळगुळीत क्रियापद आहे, म्हणूनच घात करतं. ‘समजावून सांगितलं’ म्हणजे सांगितलेलं बरोबर होतं आणि ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. यंत्र कसं चालतं हे अभियंत्याने सांगितलं, तर ‘एक्सप्लेन्ड’ शोभतं. करवाढ का आवश्यक आहे हे अर्थमंत्र्यांनी सांगितलं, तर तो त्यांचा युक्तिवाद. तिथे ‘सेड’ किंवा ‘आर्ग्यूड’.

‘ॲडेड’ मुद्दा खरोखर जोडला असेल तर. परिच्छेदाच्या शेवटी सवयीने ‘ही ॲडेड’ टाकलं आणि ते वाक्य मुलाखतीत सगळ्यात आधी बोललेलं होतं, तर ती चूकच. ‘स्टेटेड’ पोलिस ठाण्यातल्या जबाबासारखं वाटतं. ‘वॉर्न्ड’ धोका खरा असेल आणि बोलणाऱ्याचा रोख त्याकडे असेल तर उत्तम. ‘अनाउन्स्ड’ नव्या निर्णयासाठी. आठवडाभर जुन्या गोष्टीसाठी नाही.

‘स्माइल्ड’, ‘लाफ्ड’, ‘श्रग्ड’ ही बोलण्याची क्रियापदंच नव्हेत. अवतरण हसत नाही, माणूस हसतो. हसणं महत्त्वाचं असेल तर त्याला वेगळं वाक्य द्या.

‘स्लॅम्ड’, ‘ब्लास्टेड’, ‘हिट आउट’ यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मजकुरात एकदाही नको. मथळ्यात जागा कमी असते म्हणून ही छोटी, आडदांड क्रियापदं जन्माला आली. पण बहुतेक वेळा ‘स्लॅम्ड’खाली वाचायला गेलं की एखादं सौम्य निवेदन निघतं, आणि वाचक पुढच्या वेळी मथळ्यावर विश्वास ठेवत नाही.

‘सेड’ की ‘टोल्ड’: मराठी माणूस इथे घसरतो

मराठीत ‘म्हणाला’ आणि ‘सांगितलं’ दोन्हींना ऐकणारा असू शकतो किंवा नसू शकतो. ‘त्यांनी सांगितलं’ एवढ्यावर आपलं वाक्य पूर्ण होतं. इंग्रजीत ‘टोल्ड’ला बातमीच्या वाक्यात ऐकणारा लागतोच. ‘ही टोल्ड दॅट द रोड वॉज क्लोज्ड’ चूक, ‘ही टोल्ड रिपोर्टर्स द रोड वॉज क्लोज्ड’ बरोबर. ‘सेड’चं उलटं: ‘ही सेड मी’ कधीच नाही, आणि ‘ही सेड टू रिपोर्टर्स दॅट’ व्याकरणात चालवून घेता येतं, पण बातमीच्या कानाला ते भाषांतर वाटतं. ऐकणारा सांगायचा असेल तर ‘टोल्ड’, नसेल तर ‘सेड’. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

ऐकणारा कधी सांगायचा? त्याने माहितीचं वजन बदलत असेल तेव्हा. ‘टोल्ड द कोर्ट’, ‘टोल्ड पार्लमेंट’ हे आवश्यक, कारण न्यायालयात किंवा संसदेत बोललेल्या शब्दांचे परिणाम वेगळे असतात. ‘टोल्ड रिपोर्टर्स’ बऱ्याचदा भरताड. बातमी आहे म्हणजे बातमीदारांनाच सांगितलं असणार. ‘टोल्ड धिस न्यूजपेपर’ खास मुलाखत असेल तर.

आणखी एक मराठी सवय म्हणजे ‘सेड दॅट’च्या पुढे थेट अवतरणचिन्ह उघडायचं आणि आतमध्ये ‘आय’ ठेवायचा: ‘ही सेड दॅट, “आय विल रिझाइन.”’ मराठीतला ‘की’ दोन्हीकडे चालतो, इंग्रजीतला ‘दॅट’ चालत नाही. एकतर ‘ही सेड, “आय विल रिझाइन”’, नाहीतर ‘ही सेड ही वुड रिझाइन’.

कुठे बसवायचा

छापील इंग्रजी बातमीत सर्वसाधारण क्रम असा: आधी म्हणणं, मग म्हणणारा. म्हणणं महत्त्वाचं असतं, म्हणून ते पुढे. अवतरण लांब असेल तर पहिल्याच नैसर्गिक विसाव्याला ‘सेड’ घाला, चौथ्या वाक्यापर्यंत वाचकाला ताटकळत ठेवू नका. एका परिच्छेदातल्या एका सलग अवतरणाला एक ‘सेड’ पुरतो.

क्रम उलटायचा तो दोन प्रसंगी. एक, नवा माणूस बोलू लागला की. आधीच्या परिच्छेदात महापौर बोलत होते आणि आता विरोधी नेता बोलतोय, तर नाव आधी द्या, नाहीतर अर्धं अवतरण वाचक महापौरांच्याच तोंडी घालतो. दुसरा प्रसंग, म्हणणं वादग्रस्त असेल तेव्हा. ‘द व्हॅक्सीन इज युसलेस, ही सेड’ यात आधी ठाम विधान कानावर पडतं आणि हवाला नंतर येतो. अशा वेळी बोलणारा पुढे आणा.

कर्ता आधी, क्रियापद नंतर: ‘स्मिथ सेड’. ‘सेड स्मिथ’ जुन्या कथांसारखं वाटतं. पण नावानंतर लांबलचक पद असेल, तर उलटा क्रमच सोयीचा, म्हणजे नाव आणि ‘सेड’ यांच्यात पंधरा शब्दांची फट पडत नाही. सर्वनामाला मात्र ही सवलत नाही. ‘सेड ही’ बातमीत नकोच.

रेडिओ-टीव्हीचं गणित वेगळं. ऐकणाऱ्याला अवतरणचिन्हं दिसत नाहीत आणि मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून तिथे बोलणारा नेहमी आधी, आणि बहुधा वर्तमानकाळात: ‘द फायनान्स मिनिस्टर सेज...’ छापील कॉपी जशीच्या तशी वाचायला दिली, तर निवेदक स्वतःच मत मांडतोय असं वाटतं.

‘दॅट’ आणि वार

‘सेड’नंतरचा ‘दॅट’ बहुतेक वेळा गाळता येतो. याला कारण आहे. ‘सेड’च्या पुढे माणूस किंवा वस्तू कर्म म्हणून येत नाही, त्यामुळे पुढचं नाम दिसताच नवं उपवाक्य सुरू झालंय हे वाचकाला कळतं. ‘द पॅनल फाउंड द मिनिस्टर हॅड लाइड’ यात तसं होत नाही. क्षणभर वाटतं, मंत्री हरवले होते आणि समितीला सापडले. म्हणून ‘फाउंड’, ‘अनाउन्स्ड’, ‘प्रपोज्ड’, ‘एस्टिमेटेड’ यांच्यानंतर ‘दॅट’ ठेवा.

‘सेड’लाही ‘दॅट’ लागतो, तो मध्ये वार आला की. ‘द एअरलाइन सेड मंडे इट वुड कॅन्सल फ्लाइट्स.’ सोमवारी सांगितलं, की सोमवारी उड्डाणं रद्द होणार? ‘सेड ऑन मंडे दॅट इट वुड कॅन्सल फ्लाइट्स’ लिहिलं की शंका मिटली. ‘ऑन’बद्दल सांगायचं तर असोसिएटेड प्रेसच्या कॉपीत तो गाळलेला दिसेल आणि रॉयटर्सच्या कॉपीत ठेवलेला. दोन्ही बरोबर. तुमच्या कार्यालयाची जी रीत असेल ती धरा आणि एका बातमीत दोन्ही मिसळू नका.

‘आफ्टर’, ‘बिकॉज’, ‘व्हाइल’ अशा शब्दाने उपवाक्य सुरू होत असेल तरीही ‘दॅट’ हवा, नाहीतर कोणतं ‘बिकॉज’ कुणाचं हे कळत नाही. ‘शी सेड बिकॉज...’ म्हणजे तिने सांगायचं कारण की रस्ता बंद व्हायचं कारण?

काळ: ‘सेड’ की ‘सेज’, आणि मागे सरकणारी क्रियापदं

बातमीत ‘सेड’, कारण बोलणं घडून गेलं. फीचरमध्ये, व्यक्तिचित्रात ‘सेज’ चालतं, कारण तिथे त्या माणसाचं कायमचं मत येतं. लेखाच्या मध्यात ‘सेज’वरून ‘सेड’वर घसरू नका. कागदपत्रं मात्र बातमीतही वर्तमानकाळात बोलतात: ‘द रिपोर्ट सेज’, ‘द लॉ सेज’. अहवाल उद्या उघडला तरी तेच म्हणणार आहे.

आता किचकट भाग. बोलणाऱ्याचं वाक्य आपल्या शब्दांत देताना आतल्या क्रियापदाचा काळ एक पायरी मागे जातो. ‘वी विल क्लोज द प्लांट’चं ‘द कंपनी सेड इट वुड क्लोज द प्लांट’. ‘आय ॲम टायर्ड’चं ‘ही सेड ही वॉज टायर्ड’. ‘वी हॅव फाउंड’चं ‘सेड दे हॅड फाउंड’. मराठीत असं काही होत नाही. ‘मी थकलोय’ हे ‘तो थकलाय असं तो म्हणाला’ असंच राहतं. त्यामुळे आपल्या हातून ‘ही सेड ही इज टायर्ड’ सहज निघून जातं.

हा नुसता व्याकरणाचा हट्ट नाही. ‘सेड द ब्रिज वॉज सेफ’ म्हणजे पूल सुरक्षित आहे हे बोलणाऱ्याच्या तोंडचं, तो बोलला त्या वेळचं. ‘सेड द ब्रिज इज सेफ’ म्हटलं की लिहिणाराही आपला खांदा देतो. पूल उद्या पडला तर फरक कळेल. शाश्वत सत्याला मात्र मागे ढकलू नका: पृथ्वी सूर्याभोवती ‘वॉज मूव्हिंग’ नको.

मूळ वाक्यच भूतकाळात असेल, तर ‘हॅड’ लावा. ‘आय वॉज इल’ म्हणाला, तर ‘सेड ही हॅड बीन इल’. नुसतं ‘सेड ही वॉज इल’ लिहिलं, तर तो बोलताना आजारी होता असा अर्थ निघतो.

मथळ्यात ‘से’ कसा लपतो

इंग्रजी मथळा घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतो, म्हणून तिथे ‘सेज’. जागा वाचवायला अमेरिकी वृत्तपत्रं नावापुढे अपूर्णविराम (:) देतात: ‘मेयर: नो न्यू टॅक्स’. ब्रिटिश वृत्तपत्रं आणि बीबीसी हवाल्याचं काम अनेकदा एकेरी अवतरणचिन्हांकडून करून घेतात. एखादा शब्द एकेरी चिन्हांत दिसला, तर त्याचा अर्थ ‘असं कुणीतरी म्हणतंय, आम्ही नाही’.

मथळ्यात हवाला गाळायचा मोह सर्वांत जास्त, आणि धोकाही तिथेच. २ जानेवारी २००६ला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातील सेगो खाणीत स्फोट होऊन १३ खाणकामगार आत अडकले. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास १२ जण जिवंत सापडल्याची बातमी बाहेर थांबलेल्या नातेवाइकांमध्ये पसरली. बचाव पथकाच्या संभाषणाचा चुकीचा अर्थ लावला गेला होता. नातेवाइकांचा जल्लोष खरा होता, त्यांचं म्हणणंही खरंच तसं होतं. पण अनेक वृत्तपत्रांनी ४ जानेवारीच्या पहिल्या पानावर १२ जण जिवंत असल्याचा मथळा कुणाचाही हवाला न देता छापला. काही तासांत कळलं की १३ पैकी एकच कामगार वाचला. ‘फॅमिलीज से’ एवढे दोन शब्द मथळ्यात असते, तरी बातमी चुकीचीच ठरली असती. पण वृत्तपत्राने काय माहीत आहे आणि काय नाही, हे खरं सांगितलं असतं.

मजकुरात ‘सेड’ असेल तर मथळ्यातही त्याची खूण राहिली पाहिजे. मथळा देणारा आणि बातमी लिहिणारा वेगळे असतात, म्हणून मथळा झाल्यावर बातमीदाराने तो एकदा पाहावा.

कुणी, कुठे, कसं म्हटलं

‘सेड’ला एकटं सोडू नका. ‘सेड इन अ स्टेटमेंट’, ‘सेड बाय ईमेल’, ‘सेड इन अ पोस्ट’, ‘सेड इन ॲन इंटरव्ह्यू’ यांतला फरक वाचकासाठी महत्त्वाचा आहे. निवेदन वकिलाने तासून दिलेलं असतं. मुलाखतीत उलटा प्रश्न विचारता येतो. लेखी उत्तराला समोरासमोरच्या मुलाखतीसारखं दाखवणं ही फसवणूक आहे, मग क्रियापद कितीही निर्मळ असो.

‘इज सेड टू’, ‘रिपोर्टेडली’, ‘इट इज बीइंग सेड’ हे हवाले नव्हेत, हवाल्याचा अभाव आहे. म्हणणारा कोण हे माहीत असेल तर लिहा. सांगता येत नसेल, तर का सांगता येत नाही ते लिहा. नाव न सांगायच्या अटीवर बोलणाऱ्याबद्दल निदान त्याला ही माहिती कशी मिळाली एवढं तरी द्या: बैठकीत हजर होता की कागद पाहिला?

कुणी बोललंच नाही, तर त्यालाही नेमके शब्द आहेत. ‘डिक्लाइन्ड टू कॉमेंट’ म्हणजे विचारलं आणि त्याने बोलायचं नाही असं कळवलं. ‘डिड नॉट रिस्पॉन्ड’ म्हणजे निरोप पाठवला, उत्तर नाही. ‘कुड नॉट बी रीच्ड’ म्हणजे गाठच पडली नाही. ‘रिफ्यूज्ड टू कॉमेंट’मध्ये आडमुठेपणाचा वास येतो, तो टाळलेला बरा. रात्री पावणेदहाला एक ईमेल टाकून दहाला ‘डिड नॉट रिस्पॉन्ड’ लिहिणारे आहेत. त्यांनी ती वेळही छापावी, मग बघू.

एक गैरसमज मोडून टाकतो. ‘सेड’ लावला म्हणजे बदनामीच्या दाव्यातून सुटका, असं नाही. इंग्लिश कायद्यात दुसऱ्याने केलेली बदनामी पुन्हा छापणाराही बदनामी करणाराच मानला जातो. न्यायालयाच्या आणि संसदेच्या कामकाजाच्या प्रामाणिक, अचूक वृत्तांताला संरक्षण असतं, फाटकाबाहेर कुणी पुटपुटलेल्या आरोपाला ते आपोआप मिळत नाही. ‘अलेज्ड’ हा शब्दही मंतरलेला ताईत नव्हे. आरोप कुणी, कुठे केला हे त्याच्याबरोबर आलं पाहिजे: पोलिसांनी आरोपपत्रात, की शेजाऱ्याने ओट्यावर?

मराठीत आणताना

इंग्रजी कॉपीत ‘सेड’ असेल तर मराठीत ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितलं’. बस्स. पण आपल्या हाताला ‘स्पष्ट केलं’ची खोड लागलेली असते. गोलमोल उत्तर दिलेला मंत्रीही मराठी बातमीत ‘स्पष्ट करतो’. तेच ‘नमूद केलं’, ‘अधोरेखित केलं’, ‘निदर्शनास आणून दिलं’ यांचं. यातली शेवटची दोन सरळसरळ ‘ते खरं आहे’ असं सांगतात. वृत्तसंस्थेने विचारपूर्वक ठेवलेला तटस्थपणा अनुवादात असा सांडतो.

‘दावा केला’ हे ‘क्लेम्ड’साठी राखून ठेवा. ‘खुलासा’ जपून वापरा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, पण हिंदी वाहिन्यांच्या नादाने तो आता ‘गौप्यस्फोट’ या अर्थाने फिरतोय. ‘कंपनीने खुलासा केला’ वाचून अर्ध्या वाचकांना सारवासारव दिसते आणि अर्ध्यांना भांडाफोड.

इंग्रजीतला मागे सरकलेला काळ मराठीत आणू नका. ‘सेड इट वुड क्लोज’ म्हणजे ‘बंद करणार असल्याचं सांगितलं’, ‘बंद करणार होती’ नव्हे. ‘करणार होती’ म्हटलं की बेत बारगळला असा अर्थ होतो, आणि ही चूक धावपळीत फार होते. उलट ‘सेड ही हॅड बीन इल’ला ‘आपण आजारी होतो, असं त्यांनी सांगितलं’ हेच बरोबर.

‘असल्याचे’, ‘केल्याचे’, ‘झाल्याचे’ यांची साखळी झाली की वाक्य मोडा. ‘आग विझवण्यात आल्याचे सांगण्यात आल्याचे समजते’ या वाक्यात तीन माणसं लपलेली आहेत आणि एकाचंही नाव नाही.

कॉपी पाठवण्याआधी

शोध-खिडकीत ‘सेड’ टाका आणि प्रत्येक ठिकाणी थांबा: हे कुणी म्हटलं, माझ्या वहीत आहे का? मग उलटा शोध घ्या. ‘क्लेम’, ‘ॲडमिट’, ‘रिव्हील’, ‘पॉइंट आउट’, ‘रिफ्यूट’ एकेक करून शोधा आणि जिथे पुरावा दाखवता येत नाही तिथे ‘सेड’ घाला. शेवटी ज्या परिच्छेदात एकही हवाला नाही तो पुन्हा वाचा. त्यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही पाहिली, मोजली किंवा नोंदीत वाचली आहे ना? नसेल तर फोन उचला. डेडलाइन पाच मिनिटांवर असेल आणि पलीकडे कुणी उचलत नसेल, तर ते वाक्य काढा. बातमी एका वाक्याने लहान होईल, इतकंच.